खोटा फाटा

निघण्याआधी दाजींनी टाकीवरच्या पिशवीत नकाशा सरकवला, प्लास्टिकच्या खिडकीतून आजचा रस्ता नीट दिसतो ना ते पाहिलं आणि मागच्या सीटचे दोन्ही फूटरेस्ट दुमडून तारेनं पुन्हा आवळले. ते खडखडायचे. बायकोनं मागे बसणं सोडल्यापासून फूटरेस्टना तसं काही कामही उरलं नव्हतं.

"ताईला कायमची बंदी का दाजी?" मेहुण्यानं आपल्या मोटरसायकलवरून विचारलं.

"तुझ्या ताईनंच घातली. मागे बसलं की नकाशा धरायला लावता म्हणते."

"मग फोन घ्या ना. तो धरावा लागत नाही आणि रुसतही नाही."

दाजींनी हेल्मेटची काच खाडकन खाली केली. फोन हा शब्द त्यांच्यापुढे काढायचा नाही, असा घरात नियम होता. मेहुणा तो रोज मोडायचा. दोघांच्या हेल्मेटमध्ये एकमेकांशी बोलायची यंत्रंही त्यानंच बसवली होती, त्यामुळे आता काच लावूनही सुटका नव्हती.

दाजी नकाशे काढत. डोंगरपट्ट्याचा त्यांचा नकाशा एकेकाळी प्रत्येक पेट्रोलपंपावर मिळायचा. याच मोटरसायकलवर हिंडून त्यांनी त्यातलं एकेक वळण उतरवलं होतं. मग फोनवर रस्ता सांगणारी कंपनी आली, आणि पंपांवर नकाशांच्या जागी फोनच्या तारा लटकू लागल्या. तेही दाजींनी गिळलं असतं. पण काळ बदलणं वेगळं आणि घरफोडी वेगळी.

नकाशेवाल्यांची एक जुनी युक्ती असते. कुठेतरी आडबाजूला एक खोटी गोष्ट घालून ठेवायची. कुणी नकाशा चोरला की ती खोटी गोष्टही त्याच्याकडे जाते आणि चोर सापडतो. दाजींनी घाटात, जिथे सरळसोट कडा आहे तिथे, डावीकडे एक फाटा काढला होता. पुढे एक गोल, म्हणजे विहीर. टोकाला एक काळा चौकोन, म्हणजे घर. आणि फाट्याच्या तोंडाशी आत वळणारा एकेरी वाहतुकीचा बाण. बाणाची गरज नव्हती. हात चालू होता, म्हणून काढला.

मागच्या आठवड्यात मेहुण्याच्या फोनवर त्यांना तो फाटा दिसला. विहीर, घर, बाण, सगळं. कंपनीला पत्र लिहिलं तर दोन ओळींचं उत्तर आलं: आमची माहिती उपग्रहाची आहे.

"उपग्रहाला वरून दिसलं म्हणे!" दाजी चढावर गिअर बदलत पुन्हा तडकले. "वरून काय दिसतं रे? छपरं आणि टकली!"

"तुमचं तर दिसलंच असेल."

वकील म्हणाला होता, एकाच फोटोत फोनवरचा फाटा आणि मागचा कडा आला पाहिजे. मग दावा उभा राहतो. तेवढ्यासाठी दोघे निघाले होते. दाजींचं उभं आयुष्य त्या एका फोटोत मावणार होतं.

घाट लागला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. "शंभर मीटरवर डावीकडे वळा," मेहुण्याचा फोन गोड आवाजात म्हणाला.

"वळा! कड्यात घुसा आणि मरा!" दाजी ओरडले, आणि पुढचं वळण घेऊन त्यांनी ब्रेक दाबला.

डावीकडे रस्ता होता.

डांबरी, काळाभोर. कडेला ना गवत, ना खडी. दोन्ही बाजू पट्टीनं आखल्यासारख्या. मात्र थोडं पुढे, काहीही कारण नसताना, रस्त्याला एक बारीक झटका बसला होता. दाजींनी तो झटका ओळखला. तिथे त्यांची निब कागदात अडकली होती.

पण भीतीपेक्षा राग आधी आला. "पाहिलंस? चोरी झाकायला डोंगर फोडला नालायकांनी! आता वकील काय सांगणार? रस्ता तर आहेच म्हणतील!"

"तुमच्यासाठी डोंगर फोडतील, एवढी तुमची किंमत आहे होय?" मेहुणा हसला, पण पुरतं नाही. "थांबा, टोकाला जाऊन येतो. तिथे काही नसेल, त्याचाच फोटो काढू."

"एकेरी आहे तो."

"मग उलटं आल्याची पावती तुम्हीच फाडा."

तो गेला. झटक्यापाशी पोचला आणि त्याच्या इंजिनाचा आवाज तुटला. लांब जाताना विरतो तसा विरला नाही, तुटलाच. हेल्मेटमध्ये मात्र त्याचा श्वास शेजारी उभा असल्यासारखा ऐकू येत होता.

"विहीर आहे दाजी. कठडा नाही. आत नुसतं काळं आहे. सगळीकडे सारखंच."

"परत ये."

"घर आहे. काळं. याला दार नाही. आत माणसं आहेत."

"दार नाही तर तुला कसं कळलं?"

"बोलतायत."

"काय बोलतायत?"

"विचारतायत, बाहेरचा रस्ता कधी होणार."

"गाडी फिरव. आत्ताच्या आत्ता."

"केव्हाची फिरवतोय. फिरवली की तोंड परत घराकडेच." मग अगदी लहान आवाजात, "दाजी, ताईला काही सांगू नका."

"गप्प बस!"

दाजींनी गाडी फाट्यावर घातली. पुढचं चाक डांबराला टेकलं आणि इंजिन बंद पडलं. पुन्हा किक मारली, पुन्हा बंद. कंपनीवरचा राग, मेहुण्यावरचा राग, सगळा आता एका बाणावर येऊन ठेपला. कुठल्या अवदसेनं तो काढला? कुणी सांगितलं होतं?

त्यांनी पिशवीतून नकाशा ओढला, टाकीवर पसरला, खिशातलं शाईचं पेन काढलं. बाण खरवडून खोडला. मग घराच्या मागच्या बाजूनं एक रेघ काढून घाटरस्त्याला जोडली. घाईत रेघ वेडीवाकडी झाली. ती कुठे नेऊन जोडावी याचा विचार त्यांनी केला नाही. गाडी उभी होती तिथेच जोडली.

"दाजी." मेहुण्याचा आवाज. "रस्ता झाला."

"मग निघ!"

"निघतो. ते आधी निघाले."

"कोण?"

पाठीमागून इंजिनाचा आवाज आला. दाजी वळले. मेहुणा त्यांच्या गाडीमागे येऊन थांबत होता. चेहरा पांढराफटक, अंगावर घामाचा थेंब नाही.

"मी एकटाच आलो ना?" त्यानं विचारलं.

दाजींनी त्याच्यामागे पाहिलं. कडा होता. डावीकडेही कडाच. नकाशावरची रेघ मात्र ओली होती.

"एकटाच," ते म्हणाले, आणि मग घाट उतरेपर्यंत त्याला शिव्या घातल्या. फोनला, कंपनीला, त्याच्या आगाऊपणाला. मेहुण्यानं एकदाही उलट उत्तर दिलं नाही. दाजींना ते सहन होईना, म्हणून ते आणखी बोलत राहिले.

गाडी जड लागत होती. वळणावर मागचं चाक रेंगाळत होतं. पंपावर थांबून दाजींनी हवा तपासली. बरोबर होती. पंपवाल्यावरही ते खेकसले.

घरी पोचले तेव्हा बायको दारात आली. तिनं भावाकडे पाहिलं. मग दाजींकडे. मग त्यांच्या पाठीमागे पाहिलं आणि पदर सावरला, घरात परकं माणूस आल्यावर सावरायची तसा.

"यांना कुठून आणलंत?" तिनं विचारलं.

दाजी रागानं काहीतरी बोलणार होते. आधी गाडी स्टँडवर लावावी म्हणून ते खाली वाकले.

तार कुठेच नव्हती. दोन्ही फूटरेस्ट उघडे होते, आणि त्यांच्या रबरावरची शाई अजून वाळली नव्हती.