आलं जनावर

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.

सोनपेठ तालुक्यात, गोदावरीच्या अंगाला एक गाव आहे. नाव सांगत नाही. सांगितलं, की उद्या रिकामटेकडे मोबाइल घेऊन तिथं हजर होतील.

गेल्या पौषातली संध्याकाळ. दिवस नुकताच मावळला होता...

सविताचा नवरा परमेश्वर पुण्यातली कंपनी सोडून शेती करायला आला आणि आल्या आल्या गावालाच शेती शिकवायला लागला. स्वतःच्या हरभऱ्यात मात्र माळावरची हरणं खुशाल चरायची. सविताच्या मनातून तो केव्हाच उतरला होता. त्याच्याशी बोलणंसुद्धा तिच्या जिवावर यायचं.

त्या माळावर एक पडका दगडी ओटा आहे.

निजामाच्या काळात एक साहेब बंदूक घेऊन तिथं बसायचा. गावकरी आरडाओरडा करत हरणं त्याच्याकडं हाकलायचे. साहेबाला लांबचं धड दिसत नसे. म्हणून झुडूप हललं, की गावकऱ्यांनी ओरडून सांगायचं, "माणूस हाय" किंवा "आलं जनावर."

एकदा कुणीतरी चेष्टेनं माणसालाच जनावर म्हटलं.

साहेबानं बार टाकला.

मेला त्याचं नाव गावाला आठवत नाही. ओटा मात्र जपून ठेवलाय. असलं आपलं गाव!

तेव्हापासून माळावर "जनावर" हा शब्द कुणी काढत नाही. साप निघाला तरी "लांबडं" म्हणतात.

"कशाला मानायच्या असल्या येड्यावानी गोष्टी?" परमेश्वर म्हणाला आणि हरणं हाकलायला बाजारातून भोंगा घेऊन आला. बॅटरीवरचा. आपला आवाज भरायचा, तोच पुन्हा पुन्हा वाजतो. सविताचा आवाज चढा, म्हणून तिला बांधावर उभं केलं.

"वरड जोरात."

"हुर्रऽऽ!" ती ओरडली.

तेवढ्यात परमेश्वरचा पाय पाण्याच्या पाइपात अडकला आणि स्वारी हातापायांवर आली. सविताला राहवलं नाही.

"बघा! आलं जनावर!"

सासू कस्तुराबाई हरभऱ्याची भाजी खुडत होती. तिच्या हातातली पाटी खाली पडली.

"पोरी, हितं काय बोललीस तू?"

"आवो, पुसा ते," सविता म्हणाली.

"ऱ्हाऊ दे," परमेश्वर म्हणाला. "आवाज लय भारी आलाय."

त्यानं माळाच्या कडेला काठीवर भोंगा टांगला, चालू केला आणि ऐटीत परत फिरला.

"हुर्रऽऽ... बघा! आलं जनावर!"

हरणांनी माना वर केल्या. एकही पळालं नाही.

टिटवी ओरडत होती, ती गप्प झाली. मग रातकिडे...

आणि माळाच्या पलीकडून कुणीतरी ओ दिली.

"आलं... आलं जनावर..."

एक आवाज नव्हता. ओळीनं पंधरा-वीस माणसं हाका देत पुढं सरकत होती. माळ तर मोकळा होता. एक माणूस दिसेल तर शपथ.

हरणं उधळली. आणि त्यांच्या मधोमध परमेश्वर धावत होता. तोंड उघडं, डोळे पांढरे. घर एकीकडं, आणि हा ओट्याकडं निघाला होता.

ओट्यावर कुणीच नव्हतं...

खट्.

बंदुकीचा घोडा चढवल्याचा आवाज सवितानं जन्मात कधी ऐकला नव्हता. तरी तिला तो कळला.

हा माणूस मेला तर सुटेन, असं तिच्या मनात कितीदा तरी येऊन गेलं होतं. आता मात्र ती बांधावरून पुढं धावली.

"माणूस हाय!" ती किंचाळली. "मारू नका! माझा माणूस हाय वो!"

धाड!

परमेश्वर तोंडावर पडला. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

भोंग्याला आरपार भोक पडलं होतं. गोळी शोधूनही सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी गाव फोटो काढून गेलं. परमेश्वर आता पारावर बसून सांगतो, की हरणं त्यानं एकट्यानं पळवली. लाज म्हणून नाही मेल्याला.

हरणं मात्र खरंच येत नाहीत.

भोंगा तर सवितानं स्वतः खड्डा करून पुरलाय. तरी रोज दिवस मावळला, की माळावरून तिचाच आवाज येतो.

"बघा... आलं जनावर..."

मग ते... खट्.

सविता दारात येऊन जीव तोडून ओरडते, "माझा माणूस हाय!" तेव्हा सगळं थांबतं. सासूनं एकदा ओरडून पाहिलं. थांबलं नाही. माळावरच्या हाका अंगणापर्यंत आल्या. सविता मोरीतून तशीच धावत आली, ओरडली, तेव्हा कुठं शांत झालं.

आणि तो? आत मोबाइल बघत पडलेला असतो.

"किती वरडायलीस? च्या ठेव."

असल्या माणसासाठी! तिचं तिलाच हसू येतं. तरी दिवस कलला, की ती दारात उभी असतेच.

आज सकाळपासून ती हळदीचं दूध पितेय, मिठाच्या गुळण्या करतेय.

घसा बसलाय तिचा.