उलट्या पिळाची सिगार

भिंगरी शाळेतून आली, दप्तर कोपऱ्यात भिरकावलं आणि हात धुऊन थेट कामाच्या टेबलाशी बसली.

"आज कुणाकुणाचं नाक चोंदलंय?"

मामाने बिघडलेल्या सिगारांचा डबा तिच्याकडे सरकवला. तो हसला आणि हसता हसता त्याची छाती वाजली. आत कुणी बारीक शिट्टी लपवून ठेवावी तशी. डॉक्टरांनी बजावलं होतं, "हा धंदा सोडा, नाहीतर छातीच तुम्हाला सोडेल." दुकान बंद करायच्या गोष्टी घरात चालल्या होत्या. भिंगरीने त्यावर आपला तोडगा काढला होता. धुळीचं सगळं काम तिने करायचं, मामाने नुसतं गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं. मामाला श्वास मिळेल आणि दुकानही राहील.

आणि तिला ते काम यायचं, अगदी झकास यायचं. घट्ट सिगार पेटते, पण ओढली जात नाही. गिऱ्हाईक गाल आत ओढून ओढून दमतं आणि दुकानदाराच्या नावाने बोटं मोडतं. भिंगरी आधी दोन बोटांनी सिगार चाचपायची. कुठेतरी पान दाटून गाठ झालेली असायची. ती तळव्याखाली हलकेच लोळवायची. नाहीच ऐकलं, तर टोपीच्या टोकातून बारीक सळई घालायची, ढकलत नाही, फिरवत. मग जुन्या भोंग्याचा रबरी फुगा दाबून टोकाला लावायचा आणि सोडायचा. फुगा झटकन फुगला की सिगार मोकळी. ही युक्ती मामाची. "तू तोंड लावलंस ना, तर तुझी आई माझीच टोपी उडवेल!"

टोपी म्हणजे सिगारच्या टोकावर शेवटी चिकटवतात तो पानाचा तुकडा. तो कांद्याच्या पापुद्र्यासारखा असतो, फुंकरीनेही उडतो, म्हणून लावताना श्वास रोखून धरायचा. मामाची एक शिस्त होती: टोपी बसली की आधी श्वास सोडायचा, मग सिगार खाली ठेवायची.

"का पण?"

"का म्हणजे? सोडायचा. सगळे सोडतात."

भिंगरीची आजची पहिलीच सिगार मोकळी होत होती, तेवढ्यात समोरच्या शिवणवाल्या काकू आत आल्या. गळ्यात मोजपट्टी, ओठांत टाचणी. त्यांचे यजमान, डावरेकाका, वर्षापूर्वी याच दुकानात मामाशेजारच्या खुर्चीत बसून सिगारी वळायचे. तोंडात सदा लवंग. काकूंच्या धारदार जिभेमुळे ते त्यांना 'कात्री' म्हणायचे. दुसऱ्या कुणाची तशी हाक मारायची छाती नव्हती. आणि त्याच खुर्चीत, टोपी लावता लावता, डावरेकाका गेले होते.

काकूंनी रुमाल उलगडला. "ही त्यांच्या हातात होती. घरातला त्यांचा वास गेलाय गं. म्हटलं, एकदा पेटवून घरभर धूर फिरवावा. भावाने ओढून पाहिली, तर जीव गेला पण धूर नाही आला."

मामाचा चेहरा उतरला. "ती राहू दे."

"मामा! काकांची एकही सिगार कधी घट्ट नव्हती. ही काय, ओल धरली असेल. आत्ता सोडवते."

"भिंगरे, राहू दे म्हटलं ना."

"तू जा, आत पड जरा. बघ कशी वाजतेय छाती."

मामा खोकत आतल्या खोलीत गेला. काकू आपल्या मशीनवर परतल्या. समोरून टकटक सुरू झाली.

भिंगरीने सिगार उन्हात धरली. पानाचा पीळ उलटा, काकांच्या डावऱ्या हाताचा. टोपीची कड नीट बसलेली. तिने चाचपलं. मधोमध गाठ लागली. ती दाबताच गाठ टोकाकडे सरकली. तिथे दाबली, तर पुन्हा मध्ये आली. बोटाखालून, सावकाश, घोट गिळताना गळा हलतो तशी.

"ओलच आहे," ती स्वतःशी म्हणाली. पण पान तर चांगलं कोरडं होतं.

तिने फुगा दाबून लावला, सोडला. फुगा चपटाच राहिला. हरकत नाही. तो तसाच टोकाला ठेवून ती सळई पुसायला वळली, आणि परत पाहते तर फुगा गच्च भरलेला.

मग तो चपटला.

मग भरला.

आत मामाची छाती शिट्टी वाजवत होती. शिट्टी आत जाई, तेव्हा फुगा चपटे. बाहेर येई, तेव्हा भरे. भिंगरीच्या मानेवर काटा आला. पण ती मागे हटणारी पोर नव्हती. तिने फुगा काढला आणि सळई टोपीत घातली. ढकलत नाही, फिरवत.

सळई लोण्यात जावी तशी गेली.

सिगारमधून श्वास बाहेर पडला. लांब, उबदार, ओलसर. तो तिच्या मनगटावरून गेला, आणि त्याला तंबाखूचा वास नव्हता. लवंगेचा होता.

आतली शिट्टी थांबली.

"मामा?"

खुर्ची सारून ती उठणार, तोच आतून स्वच्छ, भरदार आवाज आला. "सुटली का गं पोरी?"

मामा दारात उभा होता. ताठ. त्याने छाती भरून श्वास घेतला, आणि काहीच वाजलं नाही.

"मामा! तुझी छाती! अरे, बरा झालास तू!" भिंगरीने टाळ्या पिटल्या. डोळ्यांत पाणीच आलं तिच्या.

तो हसला. खिडकीशी गेला आणि रस्त्यापलीकडे मजेत हाक मारली.

"काय गं, कात्री!"

समोरची टकटक बंद पडली.

मग तो येऊन बसला. मामाच्या खुर्चीत नाही, शेजारच्या.

भिंगरीने टेबलावरची सिगार उचलली. टोपी अखंड होती. सळईचं भोक कुठेच नव्हतं. बोटांखाली पुन्हा गाठ लागली, घट्ट. तिने सिगार कानाला लावली.

आत, फार लांबून, बारीक शिट्टी वाजत होती.

तिचा हात सळईकडे गेला. पण सळई उचलण्याआधीच दुसरा हात तिच्या हातावर येऊन टेकला. मामाचाच हात. डावा.

"ती राहू दे," तो म्हणाला.