उंबऱ्यातलं नाव

कार्तिक निम्मा सरला होता. कापूस फुटून वावरं पांढरी झाली होती आणि राणीसावरगावच्या पेठेत चन्नबसम्मा आपल्या घरातल्याच दुकानात मीठ मोजत होती. मिठाला पाणी सुटलं होतं, पोत्याचा तळ ओलाचिंब. पावसाळा तर कधीच उलटलेला. "हवाच दमट हाय," ती स्वतःशी म्हणाली. भुताखेतांना भीक घालणारी ही बाई नव्हे. तराजूत बसेल तेवढंच खरं मानायची.

नवरा छिटाचं कापड आणायला मछलीबंदरला गेला होता, दूर समुद्राकाठी. त्याचं नाव तिनं आजवर एकदाही घेतलं नव्हतं. लग्नात बायकांनी उंबऱ्यात अडवलं, नाव घे म्हणून छळलं, तरी ही मूग गिळून उभी. तेव्हापासून त्याला चिडवायला आयतंच निमित्त मिळालं. निघतानाही तो म्हणाला होता, "परत आल्यावर दाराबाहेर हुबा ऱ्हातो. नाव घेतल्याबिगर घरात येत न्हाई."

"या तर खरं," ती हसली होती. त्याच्यावाचून घर तिला खायला उठायचं, पण हे त्याला सांगणार कोण?

दुपारी पूर्वेकडून वारा उठला. बघता बघता पत्रे उडाले, बैलं दावी तोडू लागली, वावरांतला कापूस आभाळात गेला. तिनं दार लोटून आतून लाकडी अडसर घातला. फटीतून आलेले पावसाचे थेंब ओठांवर पडले. खारट. जन्म मीठ विकण्यात गेलेला, ही चव चुकणं शक्यच नव्हतं.

मग वारा एकाएकी पडला.

दारावर टकटक झाली. आवाज फार वरून आला, चौकटीच्या माथ्याजवळून.

"आलो गं," नवऱ्याचा आवाज. "नाव घे."

तिच्या जिवात जीव आला. तिनं अडसराला हात घातला, पण लाकूड फुगून बसलेलं, तसूभर हलेना. "अवं, चेष्टा पुरे झाली. भायेरून जोर लावा."

"नाव घे. त्याबिगर मला वाट गावत न्हाई."

त्या आवाजात हसू नव्हतं.

चुलीत गेली लाज. तिनं तोंड उघडलं आणि नाव आलंच नाही. ओठांवर नाही, मनातही नाही. इतकी वर्षं टाळलेलं ते नाव आतून पुसून गेलं होतं.

"चतुराबाई," तिनं भिंतीपलीकडच्या शेजारणीला हाक मारली, "आमच्या मालकांचं नाव काय वो?"

"आता गं बया," चतुराबाई हसली. "त्येंचं नाव..." आणि तिचं हसू विरलं. "न्हाई आठवायलं, चन्नबसम्मा."

पुन्हा टकटक. हळू.

"घे की गं."

"कुटून घेऊ?" ती रडत म्हणाली.

वारा परत सुटला. या वेळी पश्चिमेकडून.

संध्याकाळी चतुराबाईच्या नवऱ्यानं, भुजंगानं, परसातून आत येऊन कुऱ्हाडीनं अडसर फोडला. बाहेरच्या चिखलात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

पुढं मछलीबंदरहून आलेला एक व्यापारी सांगू लागला, त्याच दुपारी समुद्र गावात शिरला आणि घरांच्या माथ्यावरून गेला. "तुमच्या माणसाचा तपास करतो," तो भल्या मनानं म्हणाला. "नाव सांगा." दुकानात जमलेली माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिली. चन्नबसम्मानं पदर तोंडात कोंबला.

पुढच्या कार्तिकात मिठाला पाणी सुटलं. तिनं भुजंगाकडून दाराच्या दोन्ही फळ्या उतरवून घेतल्या, भिंतीला टेकवल्या आणि उंबऱ्यात बसली. वारा उठला, कापूस उडाला, मग सगळं थांबलं.

समोर रिकामी, ओली पेठ होती.

टकटक झाली. तिच्या डोक्याच्या वर, मोकळ्या हवेत, जिथं फळी नव्हतीच.