भुंग्याला जेवायला कोण घालतं?

"भोपळ्या, पोट आत घे ना! तुझ्यामुळे मला काही दिसत नाहीये!"

"ताई, पोट आत घेतलं की माझा श्वास बंद होतो. मग मला उचलून न्यावं लागेल!"

सुट्टी लागली होती आणि तिघं लाकडाच्या वखारीच्या कुंपणाला नाक लावून उभी होती : ताई, तिची धाकटी बहीण पिटुकली आणि सुट्टीला आलेला मामेभाऊ भोपळ्या. नव्या घराच्या मालकाला प्राणी चालत नव्हते, म्हणून बाबांनी त्यांच्या कुत्र्याला, भुंग्याला, वखारवाल्या काकांना देऊन टाकलं होतं. भेटायला जायचं नाही, तुम्ही दिसलात की तो रुळणार नाही, अशी आईची सक्त ताकीद होती. पण पिटुकलीला राहवेना. एवढासा होता तेव्हापासून तिनंच त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं.

"तो बघ!"

ओंडक्यांच्या ढिगाआड भुंग्या साखळीला बांधलेला होता. पिटुकलीनं शीळ घातली. एरवी या शिळेवर तो घर डोक्यावर घ्यायचा! आता त्यानं नुसती मान उचलली आणि परत खाली टाकली. त्याच्या बरगड्या वर आल्या होत्या.

"हा आपलाच भुंग्या आहे ना?" भोपळ्याची थट्टा कुठल्या कुठे पळाली.

ताई तडक फाटकाशी गेली. दिवसपाळीचे राखणदार खुर्चीत पेंगत होते.

"काका, कुत्र्याला जेवायला कोण घालतं?"

"रात्रपाळीवाला! राखणीच्या कुत्र्याला रात्रीच घालायचं असतं. सकाळी मी येतो तेव्हा ताटली चाटूनपुसून साफ!"

संध्याकाळी पाळी बदलली आणि तिघं पुन्हा हजर झाली. रात्रपाळीचे राखणदार हसलेच.

"मी कशाला घालू? पोट भरलं की कुत्रा झोपणार, मग राखण काय मी एकट्यानं करायची? दिवसवाला घालतो की! मी येतो तेव्हा ताटली रिकामीच असते. म्हणजे खाल्लंच असणार!"

तिघं गारच पडली. रिकामी ताटली बघून दोघंही निर्धास्त होते!

"मग इतके दिवस हा जगला कसा?" भोपळ्यानं विचारलं.

"कामगार डब्यातला घास टाकत असतील," ताई म्हणाली. "आता करवत बंद आहे. कामगार सुट्टीवर गेलेत."

पिटुकली रडली नाही. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले होते, आणि ताईला त्याचीच जास्त भीती वाटली.

वखारवाल्या काकांनी तर त्यांना उडवूनच लावलं. "दोन-दोन माणसं ठेवलीत मी! आणि दिलेला कुत्रा परत मागायला लाज नाही वाटत?" बाबाही म्हणाले, "मोठी माणसं आहेत ती, त्यांना कळतं."

"कळतं का ते बघूच!" ताई म्हणाली.

कुंपणाच्या फटीतून भोपळ्या जाणं शक्यच नव्हतं, म्हणून पिटुकली आत शिरली. साखळीला कुलूप होतं. तिनं भुंग्याला दूधपाव भरवला आणि येताना त्याची ताटली फ्रॉकखाली लपवून आणली. त्यानंतर ती रोज गुपचूप जाऊन त्याला भरवत राहिली. ताटली कुठे गेली, हे कुणीच विचारलं नाही.

मग एका संध्याकाळी पाळी बदलताना ताईनं वखारवाल्या काकांना फाटकाशी गाठलं.

"काका, एकदाच विचारा ना दोघांना, कुत्रा जेवतो का म्हणून!"

"विचारायचं काय त्यात? काय रे?"

"जेवतो की!" दिवसवाले म्हणाले. "आज सकाळीच ताटली साफ बघितली."

"आत्ता येताना मीही बघितली!" रात्रवाल्यांनी री ओढली.

भोपळ्यानं पिशवीतून ताटली काढून ठणकन फाटकावर आपटली. "कुठली ताटली? ही तर चार दिवसांपासून आमच्या घरी आहे!"

वखारवाल्या काकांनी मुकाट्यानं किल्ली काढून साखळीचं कुलूप उघडलं.

प्राण्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी भुंग्याच्या गळ्यातला पट्टा कापला. पिल्लू वाढलं, पण पट्टा तेवढाच राहिला होता. तो मांसात रुतला होता आणि जखमेत पू झाला होता. भुंग्या कण्हला तेव्हा भोपळ्या बाहेर जाऊन उभा राहिला.

"वाचेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अजून उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. पण याला आता घर बघा."

शेजारचं कुटुंब एका पायावर तयार झालं. पिटुकलीनं विचारलं, "जेवायला कोण घालणार?"

"अगं, आम्ही सगळेच!"

"मग नको," पिटुकली म्हणाली आणि वळलीच. ताईनं कशीबशी माफी मागितली.

कोपऱ्यावरच्या शिलाईवाल्या मावशींनी मशीन न थांबवताच उत्तर दिलं, "मी घालणार. दुसरं आहेच कोण इथं? लाडबिड मात्र जमायचे नाहीत मला."

भुंग्या मशीनखाली चिंध्यांच्या ढिगावर जाऊन पडला. तिघं निघाली तेव्हा तो उठलाही नाही. पिटुकलीला ते फार लागलं. रस्ताभर ती हमसून हमसून रडली.

घरी बाबांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत! आता काळजी मिटली."

"मागच्या वेळीही तुम्ही असंच म्हणाला होतात," पिटुकली म्हणाली. "आणि एकदाही बघायला गेला नाहीत."

बाबांचा हात तिच्या पाठीवर तसाच राहिला. मग उठून त्यांनी पायात चपला सरकवल्या.

"मावशींचं घर कुठलं ते दाखव मला," ते म्हणाले.