मिटवलेलं वाक्य

"माझ्या नावाने कुणीतरी माझी नोकरी नाकारली आहे," भाग्यश्री ओव्हाळ खुर्चीत बसता बसता म्हणाली.

करिष्मा लांडगेचं डिटेक्टिव्ह ऑफिस काळेवाडीत, झेरॉक्सच्या दुकानावर. तिच्या बाजूच्या टेबलाशी ज्योतीरामकाका बसत. एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. एकदा पाहिलेला चेहरा ते विसरत नसत. कॉम्प्युटर म्हटलं की मात्र अडत.

भाग्यश्री सपाट आवाजात सांगत गेली, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल. नवरा नागसेन गेल्या वर्षी चाकणला शिफ्टवर जाताना अपघातात गेला. ती पिंपळे गुरवला सासू, सासरे आणि दीर सुजित यांच्याबरोबर राहते. कोल्हापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवण्यासाठी तिने घरच्या कॉम्प्युटरवरून अर्ज केला. घरात कुणालाच सांगितलं नाही. मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि पाठोपाठ शाळेतून फोन. तुमच्या घरून कळवलंय, तुम्ही येणार नाही.

"घरून म्हणजे कुणी?"

"पुरुषाचा आवाज, एवढंच सांगतात. म्हणाला, 'तिचं मन थाऱ्यावर नाही.'" भाग्यश्री खुर्चीत पुढे सरकली. "मॅडम, हे वाक्य मी अर्जात लिहिलं होतं. माझं मन थाऱ्यावर नाही, पण वर्गात उभी राहू शकते, असं. मग मिटवलं. पाठवलंच नाही."

"मंग कुणी मागं उभा राहून वाचलं असंल," ज्योतीराम म्हणाले.

"दार लावून एकटी बसले होते, काका."

"कॉम्प्युटरमध्ये काही वेगळं जाणवतं?" करिष्माने विचारलं.

"हल्ली ब्राउझर उघडला की भलतंच सर्चचं पान येतं. जाहिराती उड्या मारतात."

"घावलं की!" ज्योतीराम म्हणाले.

दुपारी करिष्मा आणि ज्योतीरामकाका पिंपळे गुरवला गेले. सासरे ज्ञानदेव दारात आले. "जय भीम. या, बसा." आयुष्य कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, मशीनच्या धडधडीत काढल्यामुळे ते जरा मोठ्याने बोलत. बाहेरच्या खोलीत नागसेनचा फोटो होता आणि फोटोपुढे चार्जिंगला लावलेला एक मोबाइल.

"पोराचा हाय," ज्ञानदेव म्हणाले. "रिचार्ज मारतो अजून. बंद होऊ देत नाही."

कॉम्प्युटर आतल्या खोलीत होता. त्यावर तीन खाती होती. नागसेन, भाग्यश्री, सुजित. करिष्माने नागसेनच्या नावावर जाऊन काहीतरी अक्षरं दाबली. पासवर्ड चुकला, आणि खाली पासवर्ड आठवण्यासाठी ठेवलेली खूण उमटली: 'पहिली कंपनी'.

"तुमचं खातं उघडा आणि मनाला येईल ते लिहा," ती भाग्यश्रीला म्हणाली.

भाग्यश्रीने दोन ओळी लिहिल्या, मिटवल्या. सासू कस्तुराबाईंनी चहा आणला. बाहेरच्या खोलीत नागसेनचा फोन टिंग वाजला.

"ह्या कंपन्यांचे मेसेज," ज्योतीराम म्हणाले. "मेलेल्या माणसालाबी सोडत न्हाईत."

सुजित कॉलेजातून आला. चौकशीचं कळताच त्याचा चेहरा उतरला. "व्हिडिओ कापायचं फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं मी. वाचलं नाही, पुढे पुढे दाबत गेलो. तेव्हापासून ते पान येतंय."

"पासवर्ड मागितला होता?"

"नाही. ब्राउझरलाच चिकटलं. पण मॅडम, वहिनी कोल्हापूरला जाणार हे मला आत्ता कळतंय!"

"दादाचा फोन वापरतोस?"

"छे. बाबांना त्यातले फोटो बघायचे असतात, म्हणून लॉक तेवढा काढून दिला."

उरला ओव्हाळांचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा रविराज. त्याचं दुकान काळेवाडीतच होतं. "नागसेनभाऊ गेल्यावर वहिनी मशीन घेऊन आल्या," तो म्हणाला. "मुख्य खातं भाऊंचं. पासवर्ड कुणाला माहीत नव्हता, आणि बाकीच्या दोन खात्यांतून त्या पासवर्डाशिवाय मशीनच्या आत काही बसवता येत नाही. मी म्हटलं, पासवर्ड मोडून देतो. वहिनी म्हणाल्या, राहू दे. पंखा साफ केला, दिलं परत."

"ह्योच खोटं बोलतोय," दुकानाबाहेर पडताना ज्योतीराम पुटपुटले.

"उद्या ओव्हाळांकडे सगळ्यांना एकत्र बोलावू, काका."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओव्हाळांच्या बाहेरच्या खोलीत सगळे जमले. करिष्मा आतल्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"या मशीनमध्ये दोन उपद्रव आहेत. एक सुजितने आणला. तो तुम्हाला नको त्या पानावर नेतो, जाहिराती दाखवतो. त्रासदायक आहे, पण तो लपत नाही. ज्याला चोरून बघायचंय, तो असा गोंगाट करणार नाही."

"मंग दुसरा?" ज्योतीरामांनी विचारलं.

"दुसरा गप्प आहे. भाग्यश्रीताईंनी वाक्य मिटवलं, पाठवलंच नाही. तरी ते बाहेर गेलं. म्हणजे ईमेल फोडलेला नाही. पडद्यावर जे उमटतं त्याचेच फोटो कुठेतरी जातायत. असा प्रोग्रॅम मशीनच्या आत बसवावा लागतो, आणि त्याला मुख्य खात्याचा पासवर्ड लागतो."

"रविराजनं मोडला असंल की."

"मोडला असता तर नवा पडला असता आणि नागसेनची खूण पुसली गेली असती. ती अजून आहे. म्हणजे पासवर्ड एकाच माणसाला ठाऊक होता."

करिष्मा आत गेली, काहीतरी टाइप करून परत आली. "हे फोटो जातात कुठे, तेही बघू."

थोड्या वेळाने फोटोपुढचा फोन टिंग वाजला. सुजितने तो उचलला. फोनच्या पडद्यावर आत्ताच लिहिलेली ओळ होती: 'बाबा, शाळेत फोन तुम्हीच केला ना?'

ज्ञानदेव खाली मान घालून बसले. मग बोलले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच हळू होता.

"तो गेल्यावर फोन वाजला, तर वाटलं, पोराला कोणीतरी बोलावतंय. उघडला तर सूनबाईचं लिहिणं. हे काय हाय ते कळंना. पण वाजला की बरं वाटायचं. मग कोल्हापूर दिसलं. पोरगा गेला, आता ही बी चालली. शाळेचा नंबर त्यातच होता. लावला."

"मला विचारायचं होतंत, बाबा," भाग्यश्री म्हणाली.

"विचारायचं कसं, तेच ह्या घरात कुणाला येत नाही," कस्तुराबाई म्हणाल्या.

भाग्यश्री करिष्माकडे वळली. "म्हणजे नागसेन मला बघत होता."

"हो."

"का?"

"ते मशीन सांगत नाही."

"त्याने माझ्याबद्दल कुठे काही लिहून ठेवलंय?"

करिष्माने सुजितकडून फोन घेऊन चाळला.

"नाही. तुम्ही काय लिहिलंत, तेवढंच आहे."

भाग्यश्रीने मान हलवली. तिचे डोळे कोरडे होते. "काढून टाका सगळं."

"नुसतं काढून भागणार नाही. मशीन फॉरमॅट करू. तुमचे सगळे पासवर्ड आधी तुमच्या मोबाइलवरून बदला, इथून नको. आणि सुजित, फुकटचं काही घेशील तर आधी वाच."

सुजितने मान डोलावली.

भाग्यश्रीने तिथेच बसून शाळेला फोन लावला. "मी भाग्यश्री ओव्हाळ. आधीचा निरोप माझा नव्हता. मला मुलाखतीला यायचंय." पलीकडचं बोलणं ती ऐकत राहिली. "चालेल. सोमवारी येते."

फोन ठेवून ती उठली आणि चहाचे कप गोळा करू लागली. ज्ञानदेव भिंत धरून उभे राहिले.

"सोमवारी... मी येऊ सोडायला?"

भाग्यश्री कप घेऊन तशीच थांबली. राग आला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. तोही येत नव्हता.

"वल्लभनगरच्या एसटी स्टँडपर्यंत या," ती म्हणाली. "पुढे मी जाईन."