तो कोड की ते कोड?

"कोड अडकलाय ओ... मंगळवारपास्नं," तो दारातच म्हणाला.

मी वहीतून वर पाहिलं. उंच, घामाघूम, पाठीला सॅक — आणि चेहऱ्यावर, हातांवर एकही डाग नाही. भूगावच्या आमच्या मदतगटात दर रविवारी कुणीतरी नवीन यायचंच. डाग कपड्याखाली असतील, असं धरून मी नेहमीचे प्रश्न सुरू केले.

"पसरतंय का?"

"सगळीकडं! एक नीट केलं की दुसरीकडं निघतंय."

"घरात आणखी कुणाला?"

"घरात? न्हाई, मला एकट्यालाच येतो."

"बरं... दाखवा."

त्याने लॅपटॉप उघडला.

मी आणि गटातले हैबतकाका पोट धरून हसलो. खालची पाटी मीच रंगवली होती — 'कोड : मदत हवी? वर या.' त्वचेवरच्या पांढऱ्या डागांनाही कोड म्हणतात, हे आयटीवाल्याला कसं सुचणार!

"तो कोड तुमचा. ते कोड आमचं," मी म्हणाले आणि सवयीने ओढणी हातावर ओढली.

त्याने ते पाहिलं. मला वाटलं, आता जाईल. तर खुर्ची ओढून बसला. "मी अतीक, माणचा. तुमचं काय अडकलंय?"

अडकलं होतं खरंच. आमच्या डॉक्टर मेधा डाग किती टक्के, एवढंच लिहायच्या. हैबतकाका त्यांच्याशी भांडायचे, "टक्के लिवताय, पर लग्नात मला पंगतीच्या कडंला बसवत्यात, ते कुटं लिवायचं?" शेवटी डॉक्टर म्हणाल्या होत्या, "प्रश्न तुम्हीच लिहा. मी तपासणीत घेते."

आम्ही प्रश्न लिहिले, अतीकने ते फोनवर भरता येतील असे केले. तीन रविवार गेले. मी त्याची वाट पाहायची, हे आता लपवण्यात अर्थ नाही. पण तो कशासाठी यायचा? कामासाठी? की दया म्हणून? मागच्या वर्षी एक स्थळ माझा हात पाहून चहा न पिताच उठलं होतं. तसं उठणं मला पुन्हा बघायचं नव्हतं.

चौथ्या रविवारी डॉक्टरांनी उत्तरं वाचली. मग त्या हैबतकाकांकडे वळल्या. "काका, उपचाराला आधी चेहरा घेऊ की हात? तुम्ही सांगा."

"हात," काका म्हणाले. "पंगतीत वाढायचंय मला."

सगळे पांगले. मी चहा ओतत विचारलं, "काम झालं तुमचं. आता कशाला याल?"

"कोडासाठी."

"तो की ते?"

"तिसरं हाय ना एक..." त्याचे कान लाल झाले. "कोडकौतुक. तुमचं करायचंय, अलमास. चालंल?"

"दया आली म्हणून?"

"दया? मला तर पैल्या दिवशी तुमचा राग आला हुता. लॅपटॉप बघून लई हसला तुमी." मग तो हळूच म्हणाला, "आन् तुमी इचारलं हुतं ना, घरात आणखी कुणाला? आता अम्मीलाबी ह्ये तिसरं कोड झालंय. रोज इचारती, अलमास कधी येणार..."

मला हसू आलं, आणि रडूही. मी ओढणी न ओढता त्याच हाताने त्याला कप दिला.

त्याने चहा एका दमात संपवला आणि कप पुन्हा पुढे केला. "अजून."