यानोची तीन पत्रं

"समदी चेंडूमागं का पळताय? आपापली जागा धरा की."

चंद्रमौळी गिरणीमागच्या मैदानावर रोज सकाळी, ऊन तापायच्या आत, ज्ञानबामामांचा हा आवाज ऐकू यायचा. १९३४ सालची उन्हाळ्याची सुट्टी होती. शरणम्मा, तिचा थोरला भाऊ शिवयोगी आणि शेजारचा येडू यांनी सुट्टीभर फुटबॉल खेळायचं ठरवलं होतं. ज्ञानबामामा गिरणीचे पहारेकरी. एका पायानं लंगडत, पण मैदानाच्या कडेला उभे राहिले की कोण कुठं चुकतंय हे त्यांना आधी कळायचं. मैदानावर चुन्याच्या रेघा तेच मारत, आणि त्या सुतासारख्या सरळ असत.

"मामा, हे सगळं तुम्ही कुठं शिकलात?" शरणम्मानं एकदा विचारलं.

मामा सहसा बोलत नसत. त्या दिवशी बोलले. विसाव्या वर्षी ते मुंबईहून एका आगबोटीवर कोळसा ओढायला गेले. अर्जेंटिना नावाच्या देशात नदीकाठच्या एका बंदरात तापानं पडले, आणि बोट त्यांना टाकून निघून गेली. बरे झाल्यावर त्यांना रेल्वेच्या कारखान्यात बॉयलर दुरुस्त करायचं काम मिळालं. तिथल्या साहेबलोकांचा फुटबॉलचा क्लब होता, पण कामगारांना तिथं फक्त बाहेर गेलेला चेंडू आणून द्यायला जाता येई. म्हणून बॉयलरवाल्यांनी आपलाच क्लब काढला. दोन इटालियन भाऊ, एक स्पॅनिश पाववाला, बंदरावरचा एक काळा हमाल, पोलंडचे दोन सुतार, आणि एक सोलापूरचा ज्ञानबा. सिग्नलच्या जुन्या हिरव्या बावट्यांचे सदरे शिवले. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती, म्हणून आधी चारच शब्द ठरवले: दे, सोड, मागं, माझा.

"माझं नाव कुनाला म्हनता येईना. समदी मला यानो म्हनायची," मामा म्हणाले.

सहा वर्षं मामा बचावाला खेळले. गुडघा मोडल्यावर सदरे धुणं, चेंडू शिवणं, मैदान राखणं हे काम त्यांनी घेतलं. क्लब वाढत गेला, हजारो माणसं सामने बघायला येऊ लागली. गोलरक्षक बाउतिस्ता हा मामांचा जिवलग मित्र. बॉयलरचे पत्रे जोडायच्या तापलेल्या रिबिटांनी त्याचे तळहात भाजलेले होते, तरी त्यातून चेंडू निसटत नसे. पुढं तोच खेळाडूंना शिकवू लागला. मग १९३१ साली तिथं खेळाडूंना पगार सुरू झाले. क्लबवर नवे, मोठे लोक आले. जुने बॉयलरवाले आता शोभत नाहीत, असं त्यांनी ठरवलं आणि मामांना काढून टाकलं.

"बाउतिस्ता त्या बैठकीत हुता. तो गप बसला, असं मला सांगन्यात आलं. मी त्याला न भेटताच बोट धरली." मामा थांबले. "हितं आल्यावर एकाकडनं लिवून घेऊन एक पत्र घातलं. तू गप का बसलास, एवढंच इचारलं. उत्तर आलं न्हाय. म्हंजे खरंच असनार."

त्यानंतर मामा उठून गेले आणि त्या दिवशीचा खेळ तिथंच संपला.

चारच दिवसांनी बजरंग आपली तिकिटांची वही घेऊन आला. बजरंग हा गिरणीच्या कचेरीतले कारकून हिंदुराव यांचा भाचा. वहीत तीन परदेशी तिकिटं होती, त्यांवर लष्करी पोशाखातल्या एका माणसाचं चित्र. शिवयोगीनं इंग्रजी अक्षरं जुळवून वाचलं, आणि त्याचा आवाजच बदलला. "अर्जेंटिना."

बजरंग सहज सांगून गेला की गिरणीच्या पत्त्यावर कुणा यानोची पत्रं आली होती. असा माणूस गिरणीत नाही, म्हणून हिंदुरावमामांनी तिकिटं कापून त्याला दिली.

यानो म्हणजे आपले मामा, हे तिघांच्या लगेच लक्षात आलं. ज्ञानबामामा दर दोन-तीन महिन्यांनी कचेरीत जाऊन आपलं पत्र आलंय का विचारत, हे सगळ्या गिरणीला ठाऊक होतं. हिंदुराव 'ज्ञानबा' हे नाव शोधत आणि मान हलवत.

"आत्ताच जाऊन इचारू या," येडू म्हणाला.

"विचारलं तर ते तिकिटं कापल्याचं कबूल करतील का?" शरणम्मा म्हणाली. "उलट पत्रं चुलीत घालतील."

तिनं वेगळाच बेत केला. एका पाकिटात कोरा कागद घातला, वर इंग्रजीत 'यानो, चंद्रमौळी गिरणी, सोलापूर' असं लिहिलं आणि ते टपालात टाकलं. दोन दिवसांनी वडिलांचा डबा द्यायच्या निमित्तानं ती कचेरीशी रेंगाळली. पोस्टमननं दिलेलं तिचं पाकीट हिंदुरावांनी उलटसुलट पाहिलं आणि टेबलाखालच्या खोक्यात फेकलं.

दुसऱ्या दिवशी ती साळसूद चेहऱ्यानं त्यांच्यापुढं उभी राहिली. "काका, माझं एक पाकीट चुकीच्या नावानं इथं आलंय. परत मिळेल का?"

हिंदुराव हिशेबात बुडालेले होते. वर न बघताच म्हणाले, "त्या खोक्यात असेल. घे शोधून."

शरणम्मानं खोकं उपसलं. तिचं पाकीट वरच होतं. तळाशी धुळीत आणखी तीन होती, तिन्हींचा कोपरा कात्रीनं कापलेला. एकाला काळी किनार होती.

"काका, ही तीनही यानोचीच आहेत. यानो म्हणजे आपले ज्ञानबामामा," ती म्हणाली. हिंदुरावांनी मान वर केली. त्यांच्या हातातली लेखणी तशीच राहिली. शरणम्मा पत्रं घेऊन बाहेर पडली.

पत्रं स्पॅनिशमध्ये होती. मामांना ती भाषा बोलता येई, वाचता येत नव्हती. शिवयोगीला रेल्वेतले मिनेझिस गार्ड आठवले. ते गोव्याचे, पोर्तुगीज शिकलेले, आणि ती भाषा स्पॅनिशच्या जवळची. त्या संध्याकाळी ते गाडीवरून परतल्यावर सगळे त्यांच्या ओसरीवर बसले. मिनेझिस अडखळत मोठ्यानं वाचत आणि मुलांसाठी मराठीत अर्थ सांगत. मामांना अर्थाची गरज नव्हती.

पहिलं पत्र १९३२चं. 'यानो, मी गप बसलो नव्हतो. यानो जाणार असेल तर मीही जातो, असं बोललो. ते म्हणाले, जा. मी परत बॉयलरवर आलो आहे. तुला गाठायला धक्क्यावर धावलो, पण बोट सुटली होती.'

मामांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले.

दुसरं पुढच्या वर्षीचं. 'तू उत्तर देत नाहीस. रागावलास, तुझा हक्क आहे. माझी छाती बिघडली आहे. दोन शब्द पाठव. शिवी दिलीस तरी चालेल.'

तिसरं हातात घेऊन मिनेझिस थांबले. मृत्यूची खबर देणाऱ्या त्या काळ्या किनारीवरून त्यांचं बोट फिरत राहिलं.

"वाचा," मामा म्हणाले.

ते बाउतिस्ताच्या मुलीनं लिहिलेलं होतं. वडील जानेवारीत गेले. शेवटपर्यंत पोस्टमन दिसला की हिंदुस्थानातून काही आलं का, एवढंच विचारत होते.

येडू रडू लागला. मामा रडले नाहीत. ते उठले आणि लंगडत रस्त्यानं चालू लागले. मुलं मागं निघाली, तेव्हा मिनेझिसनी त्यांना अडवलं.

सकाळी सगळी हकिकत मॅनेजरसाहेबांच्या कानावर गेली. त्यांनी तिघांना कचेरीत बोलावलं. सगळ्यांदेखत शरणम्माच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले की जे काम मोठ्यांनी लक्ष देऊन करायला हवं होतं ते या पोरांनी केलं. तिचे वडील शिवलिंगप्पा आपला साचा, म्हणजे कापडाचा माग, सोडून दारात उभे होते, त्यांचे डोळे भरून आले. हिंदुरावांनी मामांचे पाय धरले. "दोन वर्षं तू माझ्यासमोर उभा राहून विचारत होतास, आणि पत्र माझ्या पायाशी पडलेलं होतं," ते म्हणाले. मामांनी त्यांना उठवलं. 

शरणम्माला ते कौतुक टोचत होतं. बाहेर आल्यावर तिला राहवेना. "मामा, आम्ही मागच्या सुट्टीत शोधलं असतं तर? तेव्हा बाउतिस्ता जिवंत होता. आता काय उपयोग?"

मामा गिरणीच्या फाटकापाशी दगडावर बसले. 

"पोरी, तीन वरसं मी त्याला मनात शिव्या देत हुतो," ते म्हणाले. "चांगला मानूस, आन् मी त्याला गद्दार म्हनत हुतो. तसाच मेलो असतो की. तुमी माझा दोस्त मला परत आनून दिला."  मुलांसमोरच ते रडले, तोंड न झाकता. तिघं त्यांना बिलगून बसली.

रविवारी मिनेझिसच्या ओसरीवर मामांनी बाउतिस्ताच्या मुलीसाठी पत्र सांगितलं, आणि मिनेझिसनी ते उतरवून घेतलं. फार काही सांगता आलं नाही. पत्रं पोचली, उशिरा पोचली, राग नव्हता. मग ते थांबले, आणि अजून एक ओळ घालायला सांगितली. तिच्या बापाच्या हातून चेंडू निसटत नसे, हे सोलापूरच्या पोरांनाही माहीत आहे.

मिनेझिसनी पत्राची घडी घातली. पाकिटावरचा पत्ता शरणम्मानं लिहिला, एकेक अक्षर सुटं आणि ठळक.